मंडईतली अमेरिकावाली बाई

धरणाच्या पाण्याला वास नसतो. नदीला होता. चैतात तापलेल्या वाळूचा, भादव्यात गढूळ मातीचा, आणि दिवाळी सरली की शेवाळाचा, ओल्या जाळ्यांचा, पैलतीरावर कुणीतरी पेटवलेल्या धानाच्या तणसाचा. डोळे बांधून काठावर आणून सोडलं असतं तरी कोणता महिना चालू आहे ते मी सांगितलं असतं. आता काठावर उभं राहून छातीभर श्वास घेतला तरी काही येत नाही. पाणी नुसतं पडून आहे, दुपारच्या जनावरासारखं. त्याच्या पोटात आमचं गाव आहे.

मंडईच्या आदल्या दिवशी मी भंडाऱ्याहून आले. फाट्यापर्यंत एसटी, पुढे ऑटो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. धान कापून बांध्यांत आडवं पडलेलं असतं, लेकी-जावई येतात, बाजार लागतो, आणि भर चौकात दंडार होते. ढोलकी, झांज, गाणं, सोंग, सगळं उभ्या उभ्या आणि दिवसाढवळ्या. कुठंही असले तरी मंडईला मी येतेच. आता पूर्वीसारखं धावत येत नाही, एवढंच.

फोनवर बाबांना विचारलं होतं, "कुठं आहात?" दरवेळी उत्तर ठरलेलं असतं, "प्लाटवर." नव्या गावात आम्हाला जागा मिळाली त्या दिवसापासून बाबा तिला प्लाट म्हणतात. तिथं चार खोल्या बांधल्या, अंगणात तुळस लावली, मायनं भिंतींवर गेरूचे पट्टे ओढले, माझ्या भावाचं लग्न तिथंच झालं, मायही तिथूनच गेली. पण बाबांच्या तोंडून घर हा शब्द त्या जागेसाठी कधी आला नाही. घर म्हणजे पाण्याखालचं. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "पान्याकडंच ये सरळ."

ते काठावरच्या दगडावर बसले होते. काठी आडवी मांडीवर. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले आहेत.

"आली काय?"

"आले."

"बस. पाय दुखत असतीन."

दुखत होतेच. आम्ही दोघं पाण्याकडे पाहत बसलो. खूप दिवसांनी भेटलेली थकलेली माणसं बसतात तसं. एक बगळा उडून दुसरीकडे जाऊन बसला.

"यंदा बाईले उठवाचं नाही," बाबा म्हणाले. "बसू द्याचं तिले. पुस्तकात आहे तसं."

बाई कोण, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेर सांगावं लागतं, म्हणून सांगते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. माझ्या आधी आमच्या घरात वाचायला येणारं कुणी नव्हतं. माय सही करायची तर जीभ दातांत धरून. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी इंग्रजी घेतलं, कारण सगळे म्हणाले, झेपणार नाही. तिथं अभ्यासाला एक निबंध होता, अमेरिकेतल्या एका बाईनं लिहिलेला. निबंध फार लहान. दिवसभर राबून झाल्यावर तिची आई संध्याकाळी दाराच्या पायरीवर येऊन बसे, त्याच्याबद्दल. आई बसली की घरातली भांडी शांत होत, कोंबड्या शांत होत, आणि ती काहीही न करता समोरच्या नदीकडे पाही. बस, एवढंच. कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही. वर्गात पोरं म्हणाली, यात काय आहे? माझ्या डोळ्यांसमोर माय होती, परड्यातल्या उंबरठ्यावर बसलेली, हाताला शेणाचा वास, पदरानं मान पुसत.

मग मी त्या बाईच्या मागेच लागले. लायब्ररीत तिची एकच कादंबरी होती, कोपरे कुरतडलेली. मागच्या पानावर तिची हकीकत दिली होती. बाप नदीवर नाव चालवायचा. शिकणारी घरातली पहिली तीच. मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, लग्न केलं नाही, आयुष्यभर एका लहान गावच्या वर्तमानपत्रात निबंध लिहिले: विहिरीच्या दोरावर, धुण्यावर, शेजारणीच्या खोकल्यावर. तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली एक थोडी चालली. म्हातारपणी बहिणीजवळ राहिली आणि तिथंच वारली. मोठ्या लेखकांच्या यादीत तिचं नाव सहसा नसतं. असलंच तर शेवटी, "इत्यादी"च्या थोडं आधी.

जी चालली ती कादंबरी मी सुट्टीत गावी नेली. एक गाव आहे, नदीकाठचं. खाली धरण होणार आहे. लोक एकेक करून निघून जातात. एक म्हातारी राहते.

तेव्हा आमच्या गावात धरणाची बोलणी सुरू झाली होती, पण ती पारावरची बोलणी होती. खरी वाटत नव्हती.

चुरण्याचे, धान मळायचे दिवस होते. खळ्यात बैल फिरत होते, तणसाचा सोनेरी धुरळा सगळ्यांच्या भुवयांवर बसला होता. मी मांडवाखाली पुस्तक घेऊन बसलेली. बाबांनी बैलांमागून विचारलं, "काय वाचून राहिली वं एवढं?"

"गोष्ट आहे."

"मंग मनातल्या मनात कायले वाचतेस? आमालेबी सांग."

मी एक पान वाचायचे आणि आमच्या बोलीत सांगायचे. बैल गोल फिरायचे, गोष्ट पुढे जायची. संध्याकाळी बाबा तीच गोष्ट पारावर नेऊन सांगायचे, थोडी स्वतःची भर घालून. म्हातारीची बकरी मूळ पुस्तकात नाही, ती बाबांची. चार दिवसांत गावच्या बाया मला विहिरीवर अडवू लागल्या. "काय वं, बाईचं काय झालं फुडं? गेली का राह्यली?" "तिले लेकरंबाळं नाही काय कोनी?" "अन् बकरीले चारा कोन टाकते?"

लिहिणारी बाई आणि पुस्तकातली म्हातारी या दोन वेगळ्या, हे मी किती सांगितलं. कुणाला पटलं नाही. एवढं जीव लावून दुसरीचं कोण लिहील? दोघी मिळून एकच बाई झाली, अमेरिकावाली. आणि तिचा बाप नाव चालवायचा हे कळल्यावर आमच्या गावच्या धीवरांनी तिला सरळ आपल्यात ओढलं. नदीत नाव घालणारा धीवर नाही तर कोण? "आपलीच पोरगी आहे जी, तिकडं दिली असन," असं म्हणत धीवरांची सखूबाई शिंगाड्यांची टोपली आमच्या अंगणात ठेवून गेली. तळ्यातले ताजे, उकडलेले, साल काळी आणि आत दुधासारखा गर. "बाईच्या माहेरचे," म्हणाली. माय आत तोंडाला पदर लावून हसत होती. पण टोपली रिकामी परत द्यायची नसते म्हणून तिनं तीत तांदूळ घालून दिले.

एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, "ते बाई आता कुठं राह्यते?"

"ती गेली, बाबा. मी जन्मायच्या आधीच वारली."

बाबा तसेच उभे राहिले. मग परड्यात गेले आणि रांजणातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. थंडीत. आमच्याकडे आपल्या माणसाच्या मरणाची बातमी उशिरा कळली तरी कळल्या क्षणी आंघोळ करतात. माय म्हणाली, "अजी, हे काय लावलं? कोन गेलं?" आतून बाबांचा आवाज आला, "अमेरिकावाली."

मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, तिच्यावर निबंध लिहिले, सेमिनारमध्ये बोलले. तिच्यासाठी एवढी थंडी कुणी सोसलेली मी पुन्हा पाहिली नाही.

त्यानंतर काही वर्षांत पारावरची बोलणी खरी झाली. ते कसं झालं, कोण आलं, कोणते कागद आले, हे सांगायचा मला कंटाळा आहे. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं. मला आठवते ती त्या गावची शेवटची मंडई. जिलेबीच्या कढईचा वास, आलुबोंड्यांचा, गर्दीच्या घामाचा, नव्या कपड्यांच्या खळीचा. पिपाण्यांचा कल्लोळ. दूर एकोडीपर्यंतचे पाहुणे आले होते, कारण सगळ्यांना माहीत होतं, पुढच्या वर्षी इथं काही नसेल.

दंडारीचे शाहीर दयारामकाका. ढोलकी त्यांची, गाणी त्यांची, भांडणंही त्यांचीच. दरवर्षी पौराणिक सोंग व्हायचं. त्या वर्षी ते आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "पोरी, यंदा अमेरिकावालीच करू. गावच बुडाले चाललं, दुसरं कायचं सोंग करतो?"

बाईची भूमिका बाबांना. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेतात, आणि गेली कित्येक वर्षं ते बाबांकडे होतं. माय स्वतःचं हिरवं लुगडं त्यांना नेसवायची. "पदर खाली ओढा जी, मिशी दिसून राहिली," म्हणायची. त्या वर्षी बाबा म्हणाले, "अमेरिकेत बायाइले मिशा असतेत." सगळं अंगण हसलं. लुगड्याला कडुनिंबाच्या पाल्याचा वास असायचा, पेटीतला.

शेवटावरून बिनसलं. पुस्तकात म्हातारी जात नाही, मी सांगितलं. राहते.

"राह्यते म्हंजे? पानी आल्यावर?"

"हो."

दयारामकाकांनी ढोलकी खाली ठेवली. "मंग ते मरते. आपल्या मंडईत मरनाचं सोंग होत नाही. आजपर्यंत झालं नाही."

खरंच होतं ते. आमच्या मंडईच्या दंडारीत राक्षससुद्धा मरत नसे; हात जोडून वेशीबाहेर जाई. मंडईत मरण दाखवलं की वर्षाच्या आत गावात मरण येतं, अशी समजूत.

"काका, पुस्तकात तसं आहे," मी म्हटलं. शिकलेली होते, जिद्दीला पेटले होते.

"पुस्तक अमेरिकेत. मंडई आपल्या गावात."

बाबा लुगडं हातात घेऊन दोघांकडे पाहत होते.

मग काकांनीच शेवट रचला. म्हातारी बांबूच्या चौकटीत, म्हणजे आपल्या दारात, बसलेली असते. लोक तिला हाका मारतात. अखेर ती उठते, ती चौकटच उचलून खांद्यावर घेते आणि चालू लागते. दार घेऊन. ढोलकी वाजत राहते.

त्या दिवशी बाबा उंबरठ्यावर बसले, आणि हाका मारायला दंडारीतले दोघंतिघं होते, पण गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "चाल वं बुढे, पानी येऊन राह्यलं!" मग सगळा चौक ओरडू लागला. बाया रडत होत्या आणि ओरडत होत्या. बाबा उठले. चौकट खांद्यावर घेतली. हिरव्या लुगड्यातली ती पाठ वेशीकडे जाताना मी पाहिली आणि मला पुस्तकाचा शेवट आठवेना.

पुढे उन्हाळ्यात गाव उठलं तेव्हा लोकांनी कौलं काढली, वासे काढले. आणि प्रत्येकानं आपली चौकट काढली. सागाच्या असोत की आंब्याच्या, किडलेल्या असोत की चांगल्या, ट्रॅक्टरवर सगळ्यात वर चौकटी. कुणी सांगितलं नव्हतं. नव्या गावात पक्क्या विटांच्या भिंतींत त्या जुन्या बुटक्या चौकटी बसल्या आहेत, आजही. पाहुण्यांचं कपाळ आपटतं. एका सरकारी माणसानं विचारलं होतं, नवीन, उंच दार का बसवत नाही? दयारामकाका म्हणाले, "आमची बाई घेऊन आली म्हनून." त्याला काय कळणार!

लोक विचारतात, साहित्यानं काय होतं? मी वाद घालत नाही. कंटाळले. कधी त्यांनी आमच्या गावी यावं आणि वाकून आत शिरावं.

तेव्हापासून नव्या गावच्या प्रत्येक मंडईत बाई असते. सखूबाईच्या घरून टोपली येते. सखूबाई गेली, आता तिची सून आणते, "बाईच्या माहेरचे" म्हणूनच आणते. दिघोरीकडच्या मंडळींनी एकदा आमचं सोंग उचललं होतं, पण त्यांच्या बाईला बकरी नव्हती, म्हणून ते आमच्या लोकांना खोटं वाटलं. पोरं मोठी झाली, त्यांनी संध्याकाळसाठी ऑर्केस्ट्रा आणला, मोठे भोंगे आणले, दंडार आखडत आखडत दुपारच्या एका तुकड्यावर आली. तो तुकडा म्हणजे बाई. बाबा उंबरठ्यावर बसणार, चौक ओरडणार, बाबा चौकट उचलणार. माय गेल्यावरही बाबांनी सोंग सोडलं नाही. लुगडं तेच. नेसवायला आता मी.

आणि तिकडे कॉलेजात मी तीच बाई शिकवत आले. तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. माहीत नाही त्यांनी एवढं समजावं, की दर जूनमध्ये मी नव्यानं अर्ज केला आहे आणि दर जूनमध्ये ती पायरीवर बसलेली आई नव्या पोरांना दाखवली आहे. पोरं म्हणत, मॅडम, यात काय आहे? यंदा अभ्यासक्रम बदलला. तो पेपरच गेला, त्यासोबत बाईही गेली. कुणी वाईट केलं नाही. नवं येतं तेव्हा जुन्याला जागा द्यावी लागते. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी पहिल्यांदा बसून राहिले. तास संपल्याची घंटा झाली, दुसरी झाली. उठावंसं वाटेना.

म्हणून काठावर बाबा म्हणाले, "यंदा बाईले उठवाचं नाही," तेव्हा मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"काहून, बाबा?"

"थकली ते." बाबा पाण्याकडेच बघत होते. "दरसाल उठवतो तिले आमी. दरसाल दार उचलाले लावतो. अन् ते बिचारी उचलते. किती सालं उचलन? तिच्या लिहिनारनीनं तिले बसवली होती ना? आपन उठवली. एक डाव तिले तिच्या घरात बसू दे. मंग मी सोंग सोडलं. गुडघे आता होत नाही."

"दयारामकाका ऐकतील?"

"त्याले तू सांग. तू शिकेल आहेस."

बापानं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी.

दयारामकाका अंगणात ढोलकीला शाई लावत बसले होते. त्यांचे हातही आता कापतात. बाबा खाटेवर टेकले. मी बोलायला सुरुवात केली तर काकांनी मान वरही केली नाही.

"नाही."

"काका, ऐकून तर घ्या."

"ऐकलं होतं. जुन्या गावातच ऐकलं होतं. मंडईत मरन नाही. अन् तू गा," ते बाबांकडे वळले, "तुले कायची घाई लागली? नंबर लागला काय तुहा?"

"मरत नाही गा ते," बाबा म्हणाले. "बसते."

"पानी येते त मरतेच ना!"

"पानी येते काय पुस्तकात?" बाबांनी मला विचारलं.

दोन्ही म्हातारे माझ्याकडे पाहू लागले. मी इतकी वर्षं ते पान पुन्हा पुन्हा वाचलेलं. सकाळी म्हातारी उठते. अंगण झाडते. चुलीवर आधण ठेवते. मग दारात येऊन बसते आणि नदीकडे पाहते, जशी निबंधातली आई बसते तशी. पाणी येणार हे सगळ्यांना माहीत आहे, तिलाही. पण लिहिणारीनं पाणी येऊ दिलेलं नाही. आधणाला उकळी फुटायच्या आत पुस्तक संपतं.

मी तसंच सांगितलं.

"म्हंजे चाय झाली नाही अजून," काका म्हणाले.

"नाही झाली."

"पेली नाही तिनं."

"नाही."

काका बराच वेळ ढोलकीवरून बोट फिरवत राहिले. ओल्या शाईचा लोखंडी वास येत होता. "मंग मरन दाखवलंच नाही तिनं," ते हळू म्हणाले. "हुशार होती बाई. धीवराची होती ना." आणि मग बाबांना, "पन लोकं आयकतीन काय? लोकाइले ओरडाची सवय आहे. तू नाही उठला त पोट्टे म्हनतीन, बुढ्याचे गुडघे गेले."

"म्हनू दे. गेलेच आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांना लुगडं नेसवलं. कापड आता इतकं मऊ झालं आहे की निऱ्या हातात थांबत नाहीत. मिशी पांढरी; लपवायची गरजही उरली नाही. चौकात ऊन होतं, भोंगे थोडा वेळ बंद करायला काकांनीच लावले. सखूबाईच्या सुनेनं टोपली उंबरठ्याजवळ आणून ठेवली. उकडलेल्या शिंगाड्यांचा तो वास, चिखल आणि दूध मिसळल्यासारखा. नदी एवढीच उरली आहे.

बाबा आले. अंगण झाडण्याची नक्कल केली. चूल पेटवल्याची, आधण ठेवल्याची. मग बांबूच्या चौकटीत, एक हात टेकून, हळूहळू खाली बसले. ढोलकी चढली.

"चाल वं बुढे, पानी येऊन राह्यलं!" चौक ओरडला.

बाबा बसलेले.

पुन्हा ओरडले. पोरं हसत होती, शिट्या मारत होती. "उठ वं बुढे! ट्रॅक्टर चुकन!" कुणी म्हणालं, "अरे, हात द्या त्याले, गुडघा धरला असन." दोघं पुढे झाले. काकांनी ढोलकी वाजवत वाजवतच मान हलवली, नाही. ती पोरं तिथंच थबकली.

तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा आवाज कमी होता. त्यात जुन्या गावात जन्मलेल्यांचा आवाज नव्हता. मी बायांच्या घोळक्याकडे पाहिलं. सखूबाईची सून मटकन खाली बसली. तिच्या बाजूची बसली. मग एकेक म्हातारी, एकेक म्हातारा, आपापल्या गुडघ्यांवर हात ठेवत, त्या नव्या गावच्या सिमेंटच्या चौकात बसत गेले. दंडार उभ्यानं बघायची असते. कुणी बसून बघितलेली मला आठवत नाही. ओरडणं थांबलं. काकांनी ढोलकीवर एक थाप दिली, आणि हात तिच्यावरच ठेवून दिला.

बाबा समोर पाहत होते. समोर मोबाइलच्या दुकानाची भिंत आहे, निळी. पण ते ज्या तऱ्हेनं पाहत होते त्यावरून मला कळलं, नदी कुठं आहे. मायही तशीच पाहायची, हाताला शेणाचा वास असताना, पदरानं मान पुसत. बाबांनी पदर उचलला आणि मान पुसली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कुठंतरी एका लेकरानं पिपाणी वाजवली आणि सगळे हलले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बाया डोळे पुसून शिंगाडे वाटू लागल्या.

मी बाबांना हात दिला. ते उठले, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून. लुगडं सोडून मी त्याची घडी केली, ते सदरा घालून काठी शोधू लागले. चौकटीला त्यांनी हात लावला नाही. ती तिथंच, चौकात उभी राहिली. काका ढोलकी गळ्यात घेऊन जवळ आले.

"झालं समाधान?"

"झालं गा."

"फुडल्या साली कोन करन?"

"पाह्यतीन पोट्टे. बसाचंच आहे त, कोनीबी बसन."

भोंगे पुन्हा सुरू झाले. गर्दीतून आम्ही हळूहळू बाहेर निघालो, सरळ रस्त्यानं, एका रांगेतल्या त्या सारख्या दिसणाऱ्या भिंतींसमोरून, ज्यांतलं प्रत्येक दार जुन्या गावचं आहे. माझे पाय दुखत होते. जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा की नाही हे मी ठरवलेलं नव्हतं, आणि त्या वेळी ते ठरवावंसंही वाटत नव्हतं. वळणावर बाबा थांबले, दम घेतला, काठीनं पुढची दिशा दाखवली.

"चाल वं," ते म्हणाले. "घरी जाऊ. चाय मांड."

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर तोंडून कोणता शब्द गेला ते त्यांच्या लक्षात आलं असतं. दाराशी ते सवयीनं वाकले आणि आत गेले. त्यांच्या मागून मीही वाकले.